तळहातावरची दवंडी

शेगडीवरचं चहाचं भांडं नुसत्या हातानं उतरवणारा नवरा मिळाला की बायकोला दोन गोष्टी शिकाव्या लागतात. एक, त्याच्या आधी सांडशी गाठायची. दोन, संध्याकाळी त्याचे हात तपासायचे. मी दोन्ही शिकले, आणि दुसऱ्या गोष्टीतच माझा सगळा संसार झाला.

आमची वसाहत परतवाड्याच्या पुढे, मेळघाटाच्या पायथ्याशी आहे. कधीकाळी कुष्ठरोग्यांसाठी बांधलेली. आता नवे रोगी येत नाहीत. रोगावर औषध तर माझ्या जन्माच्याही आधीपासून आहे, ठरावीक महिने गोळ्या घेतल्या की जंतू मरतो. पण गोळी जंतू मारते, मेलेली नस परत देत नाही. ज्यांच्याकडे उशिरा लक्ष गेलं ते बरे झाले आणि बधिर राहिले. माझे आईवडील त्यातलेच. मी इथेच जन्मले, इथेच वाढले, मला स्वतःला रोग कधी झाला नाही. गुणवंत शाळकरी वयात इथे आला तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपराखाली आणि दोन्ही पाय घोट्याखाली गेलेले होते. म्हणजे होते जागच्या जागी, पण त्यांचं काय चाललंय हे त्याला कळत नव्हतं. बोलताना मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना एवढा मान परवडत नाही.

बधिर माणसाला विस्तव कळत नाही, खिळा कळत नाही, बुटातला खडा कळत नाही. दुखत नाही म्हणून तो चालत राहतो आणि मग त्या खड्याची जखम हाडापर्यंत जाते. त्यामुळे आमच्याकडे रीत आहे. संध्याकाळचा चहा झाला की ओट्याओट्यावर कुणीतरी कुणाचे तरी हातपाय मांडीवर घेऊन बसतं, उजेडाकडे वळवून बघतं, फोड दिसला की पट्टी बांधतं. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी दुसऱ्यानं बघायचं. गुणवंतानं मला मागणी घातली तीसुद्धा याच रीतीनं.

"प्रणिता, माह्ये हात पाह्यशील काय?"

"आज?" मी विचारलं.

"नाई. रोज."

बाहेरच्या एखाद्याला वाटलं असतं, बुवा ज्योतिष विचारतोय. मला बरोबर कळलं.

गुणवंत आमच्या कारखान्यात चपला बनवतो. साध्या नव्हेत, बधिर पायांसाठीच्या, मऊ रबराच्या. प्रत्येक पाय वेगळा, प्रत्येक चप्पल वेगळी. कुणाच्या पायाखाली जखम असली की तो तिथलं रबर कोरून खळगा करतो, म्हणजे जखमेवर भार येत नाही. या कामामुळे पायांच्या बाबतीत तो स्वतःला मोठा मास्तर समजतो. "हात तू पाह्य, पाय मी पाह्यतो," असं त्यानं लग्नानंतर लवकरच जाहीर केलं होतं, आणि रोज आरसा खाली ठेवून तो आपले तळवे आपणच बघत असे. नवऱ्याचं काम तेवढंच कमी, म्हणून मीही हरकत घेतली नाही.

त्या वर्षी पुण्याहून डॉक्टर ईश्वरी देवस्थळी आल्या. वय पस्तिशीचं, बोलणं भरभर, चालणं त्याहून भरभर. त्यांनी आम्हा सगळ्यांना सभागृहात बसवलं आणि म्हणाल्या, "मेलेली नस पुन्हा वाढवता येईल असं मला वाटतंय."

आमच्याकडे असं सांगणारे बरेच येऊन गेलेत, त्यातले काही भस्मही देऊन गेलेत.

"तुमच्या हाडांच्या आत, मगजात, दुरुस्ती करणाऱ्या पेशी बसलेल्या असतात," त्या म्हणाल्या. "त्यांना काम येतं. फक्त कुठे जायचं ते कुणीतरी सांगावं लागतं. शरीरात जिथे दुखापत होते ती जागा एक बारीकसं प्रथिन सोडते. त्याला केमोकाइन म्हणतात. ते जिथे दाट असतं त्या दिशेनं पेशी सरकत जातात. विरळाकडून दाटाकडे. त्यांना डोळे नाहीत, पण हे प्रथिन ओळखणाऱ्या खाचा त्यांच्या अंगावर असतात."

पहिल्या रांगेत दमयंती मावशी बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, दहापैकी चार बोटं शिल्लक, जीभ मात्र पूर्ण शाबूत.

"म्हंजे दवंडीच म्हना ना बाई," मावशी म्हणाल्या. "कोतवाल डफडं वाजवत गेला, का ज्याच्या कानी पडलं तो चावडीवर येते."

"अगदी तसंच," डॉक्टर हसल्या. "आणि तुमच्या हातातल्या मेलेल्या नसेकडून दवंडी निघणंच थांबलंय. म्हणून तिथे कुणी येत नाही. मी ती दवंडी बाहेरून नेऊन देणार आहे."

तेव्हापासून वसाहतीत त्या औषधाचं नाव दवंडी पडलं. पुण्याच्या कागदपत्रांत त्याला आकडे आणि अक्षरं असलेलं लांबलचक नाव होतं, ते डॉक्टरांशिवाय कुणाला पाठ झालं नाही.

दवंडी बनते कशी हे मी त्यांना नंतर खोदून खोदून विचारलं. मी वसाहतीच्या दवाखान्यात पट्ट्या बांधते, त्यामुळे अशा गोष्टींत मला थोडी गोडी आहे. प्रत्येक प्रथिनाची कृती आपल्या जनुकात असते. माणसाच्या जनुकातला तेवढाच तुकडा घ्यायचा आणि एका जीवाणूच्या अंगात बसवायचा. जीवाणू बिचारा भोळा. परक्याची कृती आहे हे न बघता तो तेच प्रथिन बनवत सुटतो, आणि टाकीभर वाढवला की टाकीभर बनवतो. मग ते गाळून, शुद्ध करून घ्यायचं. मधुमेहाचं इन्शुलिन कैक वर्षं असंच बनतं आहे. प्रयोगशाळांतून हे दवंडीचं प्रथिनही जुनंच. चिमूटभर भुकटी बारक्या कुपीत गोठवून विकत मिळे. काचेच्या तबकडीत जाळीच्या एका बाजूला ते घालायचं, दुसऱ्या बाजूला पेशी सोडायच्या आणि किती पेशी जाळी ओलांडून येतात ते मोजायचं, एवढाच त्याचा उपयोग. अंगात सोडलं तर ते टिकत नसे, शरीर काही मिनिटांत त्याचे तुकडे करी. देवस्थळी मॅडमनी त्याची दोन टोकं जरा बदलली आणि ते एका जेलमध्ये असं अडकवलं की ते दोन-अडीच महिने जागचं हलत नाही. कोपरापासून करंगळीपर्यंत नसेच्या वाटेवर हे जेल सुईनं सोडायचं. करंगळीकडे दाट, कोपराकडे विरळ. मग दुसरं इंजेक्शन द्यायचं, त्यानं हाडांच्या मगजातल्या पेशी सुटून रक्तात येतात. त्यांनी दवंडी ऐकायची आणि हाताकडे जायचं, असा सगळा बेत होता.

चाचणीसाठी माणसं निवडली, त्यात गुणवंत होता, मावशी होत्या. निवडताना सगळ्यांचे पाय नीट बघून घेतले. अट एकच कडक होती. अंगावर उघडी जखम नको. मध्येच झाली तर लगेच सांगायचं, आणि तो माणूस चाचणीतून बाद.

प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधला. तो रोज सकाळी शुद्ध पुणेरी मराठीत विचारी, "आज आपल्या शरीरावर कुठे जखम आहे का?" गुणवंत त्याला म्हणे, "नाई ना बाप्पा." पट्टा म्हणे, "धन्यवाद." इतकं मानानं आमच्या घरात दुसरं कुणी बोलत नव्हतं.

इथे मला एक सांगितलं पाहिजे. मला आनंद झाला होता, आणि भीतीही वाटत होती. जेल दिलं त्या संध्याकाळी त्याचे हात मांडीवर घेऊन मी बसले होते. वाकडी झालेली करंगळी, अंगठ्याखालचा जुना भाजल्याचा डाग, सगळं मला माझ्या हातांपेक्षा जास्त पाठ होतं. मनात आलं, याला सगळं कळायला लागलं तर हा माझ्यासमोर कशाला येऊन बसेल? आमच्यात गुलुगुलु बोलणं कधी नव्हतंच. जे काय होतं ते या तपासणीत होतं. हा विचार मी कुणाला बोलून दाखवला नाही, गिळून टाकला.

पावसाळा सरला तरी गुणवंताच्या हाताला काही कळेना. पुण्याची गाडी दर पंधरवड्याला येई, त्यात हातावरून फिरवायचं एक यंत्र असे. रक्तात सुटलेल्या पेशींना आधीच निरुपद्रवी खूण केलेली असे. ज्या जागी त्या जमतील ती जागा पडद्यावर पिवळी दिसायची. दोघातिघांच्या हातांवर पिवळी रेघ उमटली. गुणवंताचा हात काळाच राहिला. मावशींचाही, आणि बहुतेकांचा.

"मला कळतच नाहीये," देवस्थळी मॅडम दवाखान्यात माझ्यासमोर डोकं धरून बसल्या. "पेशी रक्तात आल्या. रक्तातून बाहेरही पडल्या. हातात पोचल्या नाहीत. मग गेल्या कुठे?"

"पुण्याचे लोक काय म्हणतात?"

"पुढच्या महिन्यात बैठक आहे. असेच निकाल आले तर चाचणी बंद. जेल चालत नाही म्हणून शिक्का बसला की पुन्हा कुणी हात लावणार नाही त्याला."

घरी येऊन मी गुणवंताला हे सांगितलं. त्यानं हात पुढे केला आणि डोळे त्या करंगळीवर लावून बसला, परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसा. त्याला ते किती हवं होतं हे मला त्या दिवशी खरं कळलं. माझ्या भीतीची मला लाज वाटली.

दिवाळीच्या साफसफाईत मी त्याच्या चपलांचा घरातला जोड उन्हात ठेवायला उचलला. डाव्या चपलेला हात लागला आणि थांबले. आतलं अस्तर नवं होतं. बोटानं दाबलं तर अंगठ्याच्या मुळाशी रबर आत गेलं. अस्तर उचकटून पाहिलं. खाली खळगा होता, गोल, सफाईदार, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. असा खळगा तो जखम असल्याशिवाय कुणाच्याही चपलेत कोरत नाही.

तो कारखान्यातून जेवायला आला तेव्हा चप्पल मी ताटाशेजारी ठेवली.

"पाय दाखवा."

"जेवू दे ना."

"आधी पाय."

त्यानं मोजा काढला. रुपयाएवढी जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या. पट्टी त्यानं स्वतःच बांधली होती, आणि नवऱ्यानं बांधलेल्या पट्टीसारखीच ती होती.

"कधीपासून?"

"जेल देल्लं त्याच्या आठ-पंधरा रोजानं. खिळा घुसला व्हता. मले कोठी कळते?"

"आणि सांगितलं नाहीत!"

"सांगतलं असतं त काढून टाकलं असतं," तो म्हणाला. "तू नको सांगू. बैठक होऊ दे. हात यून जाईन, मंग पायाचं पाहू."

जखम लपवणं हा आमच्याकडचा सगळ्यात जुना धडा आहे. गावी जखम दिसली की लोक समजायचे आणि घराबाहेर काढायचे. इथे आल्यावर जखम दिसली की वॉर्डात भरती आणि काम बंद. ज्याला दुखतं तो विव्हळला म्हणून पकडला जातो. आमच्या माणसांना दुखतच नाही, त्यामुळे लपवणं सोपं. गुणवंत लबाड नाही. तो फक्त आमच्यातला आहे.

मी ताट वाढलं, दोघंही नीट जेवलो नाही. सांगितलं तर तो बाद. नाही सांगितलं तर पाय सडत जाणार. आणि या दोन्हींच्या खाली मला माझाच भरवसा वाटेना. त्याचा पाय वाचावा म्हणून मी सांगणार होते, की तो बाद झाला तर माझी संध्याकाळ वाचेल म्हणून? बराच वेळ भांडी घासत बसले. भांडी लख्ख झाली, उत्तर काही मिळालं नाही. शेवटी म्हटलं, कारण कुठलंही असो, उघडी जखम ती उघडी जखम. गेली वीसेक वर्षं पट्ट्या बांधून तेवढं तरी कळायला हवं. पदर खोचला आणि दवाखान्यात गेले.

देवस्थळी मॅडमनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. एकदम उठल्या, यंत्र उचललं आणि माझ्यापुढे चालायला लागल्या. मी मागून जवळजवळ पळत होते.

गुणवंत ओट्यावर होता. मला त्यांच्याबरोबर बघून त्याचा चेहरा पडला. मॅडमनी त्याचा डावा पाय उचलून स्टुलावर ठेवला आणि यंत्र हातावरून न फिरवता तळव्यावरून फिरवलं.

पडदा पिवळाधमक झाला.

"सगळ्या इथे आहेत," मॅडम जमिनीवरच बसल्या. "सगळ्या इथे येऊन बसल्यात."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. उघडी जखम स्वतःच हे प्रथिन सोडते, आणि जेलपेक्षा कितीतरी जास्त सोडते. हातावर आपण दवंडी देत होतो, पण पायावर त्याहून मोठं डफडं वाजत होतं. पेशी तिकडे गेल्या. तिथे त्या दुरुस्तीला लागत होत्या, आणि हा दिवसभर त्याच जागेवर चालून ती दुरुस्ती चिरडत होता. म्हणून जखम भरेना आणि हातही येईना. जेल चालत होतं. ते फक्त ऐकू जात नव्हतं.

मॅडम गेल्यावर गुणवंत म्हणाला, "तू सांगतलं."

"हो."

"तुले नकोच व्हतं माह्यं बरं होनं."

यातलं निम्मं खरं होतं. त्या संध्याकाळी त्यानं हात पुढे केले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी चहा ठेवायचे, तो प्यायचा, कप खाली ठेवायचा. आमच्या घरात एवढा अबोला आधी कधी झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी चाचणीतल्या सगळ्यांना सभागृहात बोलावलं.

"मी तुम्हाला रोज एक प्रश्न विचारत होते," त्या म्हणाल्या. "आणि खरं उत्तर दिलं तर हाकलून देईन असं आधीच सांगून ठेवलं होतं. असं कुणी विचारतं का? चूक माझी आहे. तो नियम आजपासून गेला. पुण्याशी भांडून तशी लेखी परवानगी घेतली आहे. कुणीही बाद होणार नाही. ज्याला जखम असेल त्याची जखम आधी भरायची, मग पुन्हा जेल द्यायचं. आता सांगा."

कुणी छताकडे बघत होतं, कुणी शेजाऱ्याकडे. गुणवंताचा पाय तर उघडाच पडला होता, त्यामुळे तो सगळ्यांत निवांत.

मग दमयंती मावशी पुटपुटत वाकल्या आणि चपलेचा बंद सोडायला लागल्या.

"घ्या बाप्पा. पोळ्यापासून हाय," त्यांनी पाय पुढे केला. "त्या पट्ट्याले रोज सकाळी खोटं सांगू सांगू माही जीभ झिजली. अन तो मेला धन्यवाद म्हने, त आनखीनच लाज वाटे."

सगळे हसले, आणि हसता हसता बंद सुटायला लागले. एकेक मोजा निघाला. टाच, अंगठा, घोटा. ज्यांच्या हातावर पिवळी रेघ उमटली होती ते दोघंतिघं सोडले तर जवळजवळ प्रत्येकानं काही ना काही लपवलं होतं, आणि संध्याकाळी त्यांचे पाय बघणाऱ्यांनीही ते झाकून ठेवलं होतं. देवस्थळी मॅडम एकेका पायाशी बसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी ते पुसलंही नाही. हात मोकळे नव्हते.

गुणवंत माझ्याकडे वळला. "तू सांगतलं नसतं त सगळ्यायचंच बुडालं असतं," तो म्हणाला. माफी मागणं आमच्यात याहून लांब जात नाही. संध्याकाळी त्यानं हात पुढे केले.

पुण्याची बैठक झाली आणि चाचणीला मुदतवाढ मिळाली. वसाहतीत मग पांढऱ्या पायांचा हंगाम आला. जखमेवर भार येऊ नये म्हणून पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये घालायचा आणि बसून राहायचं, हा त्यावरचा साधा, जुना उपाय. उभ्या आयुष्यात एका जागी न बसलेला माणूस दीड महिना खुर्चीत बसला म्हणजे काय होतं ते मी भोगलं. भाजी चिरताना मला सूचना. केर काढताना सूचना. कारखान्यातल्या पोरांना फोनवरून सूचना. मी मॅडमना विचारलं, जिभेला प्लास्टर करता येतं का. अजून नाही म्हणाल्या.

जखम भरली. पुन्हा जेल दिलं, आणि संपत आलं की परत देत राहिले. या वेळी पडद्यावर कोपरापासून एक पिवळी रेघ निघाली आणि पंधरवड्यापंधरवड्यानं खाली सरकत राहिली. नस दिवसाला केसभर वाढते, घाई केली तरी ती ऐकत नाही.

पाऊण वर्ष होत आलं तेव्हा एका दुपारी कारखान्यातून गुणवंताची आरोळी ऐकू आली. "प्रणिता! पयत ये!" मी पट्ट्यांचा डबा घेऊन धावले. त्याच्या हातातली टोचायची आरी खाली पडलेली आणि करंगळीतून रक्त येत होतं.

"दुखते," तो म्हणाला. "दुखते व, लय दुखते!"

काम थांबवून सगळे भोवती जमले. वर्षानुवर्षांचे बधिर लोक, त्यांना भारी उत्सुकता. मावशींनी अगदी जवळ येऊन विचारलं, "कसं दुखते रे? सांग ना."

गुणवंतानं विचार केला. "जसं कोनी जोरानं नाव घेऊन बोलावते ना, तसं."

त्या दिवशी कारखान्यात पेढे वाटले. मावशींनी दोन घेतले, एक स्वतःचा आणि एक स्वतःच्या जागी होऊ घातलेल्या करंगळीचा.

पेढे संपल्यावर खरी गोष्ट सुरू झाली. नवी फुटलेली नस सुरुवातीला वेड्यासारखी वागते, हे मॅडमनी आधी सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि घरात असणं वेगळं. वाऱ्यानं हाताला आग होई. सदऱ्याची बाही टोचे. गार पाणी त्याला कढत लागे. गुणवंत, ज्यानं उभ्या जन्मात निखाऱ्याला भीक घातली नाही, तो उशीवर हात ठेवून डोळ्यांत पाणी आणून बसे. आरी धरायला घाबरू लागला. चपला कमी होऊ लागल्या. आणि संध्याकाळी मी हात धरायला गेले की झटकन मागे घ्यायचा.

"नको लावू हात."

"बघते फक्त."

"मले कळते ना आता. पाह्याचं काय काम हाय?"

हेच वाक्य मी आदल्या वर्षापासून घाबरत ऐकायची वाट बघत होते. ते आलं तेव्हा अगदी साधं आलं, त्याच्या मनात काही नव्हतं, आणि तरी मला फार लागलं.

"मॅडम, तुमच्या औषधानं माझी नोकरी गेली," मी दवाखान्यात हसत म्हणाले. हसू काही नीट जमलं नाही.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "हाताची आग कमी होईल," त्या म्हणाल्या. "तीन-चार महिने लागतात. बाकीचं माझ्या हातात नाही, प्रणिताताई. प्रथिन पेशींना बोलावतं. माणसांना नाही बोलावत."

आग खरंच कमी होत गेली. थंडी पडली तोवर तो बाहीचा सदरा घालू लागला, आरीही धरू लागला. पुण्याहून मंजुरी आली आणि आजूबाजूच्या वसाहतींतली नावंही लागली. मावशींच्या उरलेल्या बोटांपैकी एकाला आता गुदगुल्या होतात आणि मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला त्या करायला लावतात. सगळीकडे चांगलंच चाललं होतं. आमच्या ओट्यावर मात्र चहा झाला की गुणवंत चपलांची मापं काढत बसे, आणि मी मांडीवर हात ठेवून नुसतीच बसे. बसायची सवय जात नव्हती.

अशीच एका संध्याकाळी बसले होते. त्यानं मापं बाजूला ठेवली आणि माझ्यासमोर सरकून बसला.

"दे."

"काय देऊ? चहा झाला की."

"हात दे."

मी दिला. त्यानं तो उजेडाकडे वळवला आणि करंगळीच्या बाजूनं, जिथे त्याला कळतं तिथून, माझ्या तळहातावर हळूहळू बोट फिरवलं. मनगटापासून वर, मग आडवं. कपाळाला आठ्या पडल्या.

"लय खरबरा हाय व."

"मंग?" मीही त्याच्याच बोलीवर आले. "भांडी कोण घासते? पट्ट्या कोण धुते?"

"मी त इतके वर्सं मऊ समजत व्हतो."

"कोनी सांगतलं व्हतं तुमाले?"

"कोनीच नाई," तो म्हणाला. "आपलं मनानंच धरलं व्हतं."

मला हसू फुटलं. "बदलून आणू काय दुसरे?"

"राहू दे. सवय करीन," तो म्हणाला आणि पुन्हा बोट फिरवायला लागला. एकेक बोट, एकेक पेर. काही शोधत असल्यासारखा नाही, नुसता बघत होता. अंगठ्याच्या मुळाशी आल्यावर तो थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा तिथेच आला.

"हे काय हाय?"

"भेग आहे. थंडीत पडते."

"दरसाल?"

"दरसाल."

त्यानं हात आणखी जवळ घेतला. भेगेच्या कडेला करंगळी अगदी अलगद टेकवली आणि माझ्या तोंडाकडे पाहत विचारलं, "दुखते काय?"

आमच्या वसाहतीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. बधिर माणसाला विचारून उपयोग नसतो, आणि धडधाकट माणसाचे हात कुणी बघतच नाही. आईनं कधी विचारलं नव्हतं, बापानं नाही. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"दुखते," मी म्हटलं.

तो उठून आत तेल कोमट करायला गेला. शेगडी पेटल्याचा आवाज आला, मग सांडशीचा. मी हात तसाच पुढे धरून बसून राहिले.